बातमीदाराचा लॅपटॉप: फॉन्ट, पीडीएफ, आकडे आणि आवाज

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी बातमीदार म्हणून रुजू झालात की कार्यालय ओळखपत्र देतं, ईमेलचा पत्ता देतं आणि संध्याकाळी सहापर्यंत बातम्या सोडा असं सांगतं. लॅपटॉपवर काय काय लागेल हे कुणी सांगत नाही. जो तो शेजारच्या खुर्चीवरच्याला विचारत शिकतो, आणि शेजारच्याने चुकीचं सांगितलं असेल तर तेच पुढे चालत राहतं.

मी बरीच साधनं लावून पाहिली, बरीच काढून टाकली. उरली ती क्रमाने देतो आहे. एक्सेल सोडलं तर सॉफ्टवेअरला पैसे मोजावे लागत नाहीत. सगळ्या पायऱ्यांना अट एकच: मूळ वस्तूला हात लावायचा नाही. मूळ पीडीएफ, मूळ फोटो, मूळ रेकॉर्डिंग एका फोल्डरमध्ये जसंच्या तसं राहील आणि सगळे प्रयोग त्याच्या प्रतीवर होतील. बातमी छापून आल्यावर ‘खुलासा छापा’ असा फोन येतो, तेव्हा तुम्ही कोणतं सॉफ्टवेअर वापरलं हे कुणी विचारत नाही. कागद दाखवा म्हणतात.

आधी हे जमवून ठेवा

– मराठी युनिकोड कळफलक (युनिकोड म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसेल अशी अक्षरं साठवायची पद्धत. विंडोजमध्येच असतो, भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायची)
– लिबरऑफिस किंवा एक्सेल. नाहीतर गुगल शीट्स
– टॅब्युला (पीडीएफमधला तक्ता बाहेर काढणारं साधन), आणि ते चालवण्यासाठी जावा
– गुगलचं खातं, शक्यतो घरगुती खात्यापेक्षा वेगळं
– गुगल अर्थ प्रो (२०१५ पासून फुकट आहे)
– ब्राउझरमध्ये इनव्हिडचं जोडसाधन (व्हिडिओ तपासायला)
– बाहेरची हार्ड डिस्क
– आणि एक कागदी वही. ती का, ते शेवटी येईल.

१. टायपिंग युनिकोडमध्ये आणा

मोबाइलवर बोलून किंवा इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवून काम चालतं, पण रोज हजार शब्द लिहायचे असतील तर इन्स्क्रिप्ट शिका. भारत सरकारने १९८६ मध्ये हा कळफलक प्रमाण केला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. इंग्रजी ‘के’च्या जागी क, शिफ्ट दाबून ख. ‘डी’च्या जागी पाय मोडायचं चिन्ह. शिफ्ट दाबून ‘एन’ म्हणजे ळ, शिफ्ट दाबून ‘जे’ म्हणजे ‘दऱ्या’तला ऱ. सुरुवातीला वेग अर्ध्यावर येतो. तेव्हा डेडलाइनच्या बातम्या जुन्या पद्धतीने लिहा आणि सराव सकाळच्या प्रेसनोटवर करा.

इथे दोन सापळे आहेत. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं: एकसंध ‘ॲ’, किंवा अ वर वेगळी चंद्रकोर देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, संगणकाला ती वेगळी वाटतात. एका फाइलमध्ये ‘ॲड.’ एका पद्धतीने आणि दुसरीत दुसऱ्या पद्धतीने लिहिलं असेल, तर शोधताना अर्ध्या नोंदी सापडतच नाहीत. ‘ऱ्या’चंही तसंच. एक पद्धत ठरवा आणि तीच ठेवा. (वर्डच्या मंगल फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात म्हणून अनेक जण वैतागतात. तो फक्त दिसण्याचा प्रश्न आहे, आतला मजकूर ठीक असतो. फॉन्ट बदला, काम संपलं.)

२. जुन्या फॉन्टचा मजकूर रूपांतरित करताना चाचणीची ओळ वापरा

नव्या माणसाचा सर्वाधिक वेळ इथे जातो. अनेक कार्यालयांत, छापखान्यांत आणि सरकारी खात्यांतही अजून श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा आयएसएममधला सुरेख चालतो. या फॉन्टमध्ये संगणक प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं साठवतो आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार रंगवतो. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की अगम्य खिचडी दिसते.

रूपांतर करणारी फुकट पानं आणि प्रोग्रॅम भरपूर आहेत. मात्र प्रत्येक फॉन्टची अक्षरजुळणी निराळी असते. एकट्या श्रीलिपीतच अनेक जुळण्या आहेत. म्हणून आधी फॉन्टचं नेमकं नाव काढा. वर्डमध्ये मजकूर निवडला की वरच्या चौकटीत ते दिसतं. पीडीएफ असेल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टची यादी असते. नाव न बघता ‘मराठीतून युनिकोड’ असं बटण दाबलं की नव्वद टक्के बरोबर आणि दहा टक्के भयंकर असं काहीतरी हाती येतं. ते दहा टक्के नेमके आडनावांत आणि रकमांत असतात.

नवा कन्व्हर्टर हाती आला की मी त्याला एक ओळ देतो. ओळीला अर्थ नाही, पण सगळी खट्याळ अक्षरं तिच्यात आहेत. तुमच्या जुन्या फॉन्टमध्ये ती टाइप करून ठेवा:

‘कऱ्हाडच्या दऱ्याखोऱ्यांत ऑक्टोबरमध्ये ॲम्ब्युलन्स उद्ध्वस्त, वाङ्मय, शृंगार, कृषी, मूर्ती, “श्रीमंत” १,२५,००० रुपये.’

ही ओळ निर्दोष बाहेर आली तर तो कन्व्हर्टर ठेवा. बिघडली तर काय बिघडलं ते लिहून ठेवा, म्हणजे दरवेळी तेवढंच शोधून दुरुस्त करता येईल. रफार, अवतरणचिन्हं, ॲ-ऑ आणि आकडे या चार ठिकाणी जवळपास सगळे जण अडखळतात.

पान लावणाऱ्याकडे उलटा प्रवास असतो, युनिकोडमधून जुन्या फॉन्टकडे. तिथे मजकूर बिघडला तर ती चूक तुमच्या नावावर छापली जाते. महत्त्वाच्या बातमीचं पान सुटण्याआधी पीडीएफ मागवून आडनावं आणि आकडे वाचा. डेस्कवरचे लोक कुरकुरतात. वाचाच.

३. शासन निर्णय शोधा आणि सापडला की लगेच जतन करा

महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयाला (जीआर) अठरा आकडी संकेतांक असतो. त्यातले सुरुवातीचे आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. व्हॉट्सॲपवर ‘आत्ताच आलेला जीआर’ फिरायला लागला की पहिलं काम हेच: संकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकायचा. सापडला नाही तर मंत्रालयात किंवा संबंधित खात्यात विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. सापडला तर मजकूर ओळीने ताडून पाहायचा, कारण खऱ्या जीआरमध्ये एखादा परिच्छेद घुसडून तो फिरवता येतो.

जीआर वाचताना वरचा ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ हा भाग वगळू नका. आधीच्या निर्णयांची यादी तिथे असते. ‘सरकारचा नवा निर्णय’ म्हणून जे छापलं जातं, त्यातलं बरंचसं जुन्या निर्णयाला मुदतवाढ देणारं किंवा शुद्धिपत्रक असतं.

पान सापडलं की तिथल्या तिथे इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनला द्या. ही संस्था १९९६ पासून वेबवरची पानं साठवते आहे, आणि तिथे ‘हे पान आत्ता साठव’ अशी सोय आहे. पत्ता चिकटवला की तारीख-वेळेसह कायमचा दुवा मिळतो. उद्या ते पान बदललं किंवा उडालं तरी तुमच्याकडे पुरावा राहतो. काही सरकारी संकेतस्थळं अशी साठवू देत नाहीत. मग पीडीएफ उतरवून घ्या आणि पत्त्याची पट्टी व घड्याळ दोन्ही दिसतील असा पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट काढा. पट्टी कापलेला स्क्रीनशॉट वाद झाल्यावर फारसा उपयोगी पडत नाही.

४. पीडीएफमधून तक्ता बाहेर काढा

जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीचं टिपण, जिल्हा परिषदेचं अंदाजपत्रक, टँकरची यादी, सगळं पीडीएफमध्ये येतं. आधी पीडीएफचा प्रकार ओळखा. माउसने एखादा शब्द निवडता येतो का पाहा. निवडता येत असेल तर तो दुसरीकडे चिकटवून बघा. तीन शक्यता असतात.

पहिली: मराठी नीट चिकटलं. नशीब समजा. टॅब्युला उघडा. पत्रकार आणि प्रोग्रॅमर यांनी मिळून २०१३ मध्ये हे साधन बनवलं. दिसतं ब्राउझरमध्ये, पण चालतं तुमच्याच यंत्रावर, म्हणजे कागद बाहेर जात नाही. तक्त्याभोवती चौकट ओढायची, सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) मागायची.

दुसरी: निवडता येतं पण चिकटवल्यावर खिचडी. आत जुना फॉन्ट आहे. यावर टॅब्युलाही खिचडीच देईल. आकड्यांचे रकाने कधीकधी वाचतात, तेवढे घ्या आणि नावांचा रकाना दुसऱ्या पायरीतल्या कन्व्हर्टरला द्या. तेही जमेना तर पान चित्र म्हणून साठवा आणि तिसऱ्या वाटेने जा.

तिसरी: निवडताच येत नाही, कारण ते स्कॅन आहे. इथे टॅब्युला निरुपयोगी. चित्रातून अक्षरं ओळखणारं साधन लागतं. सोपा मार्ग म्हणजे फाइल गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्समध्ये उघडणं. मराठी मजकूर बऱ्यापैकी येतो, तक्त्याची मांडणी मात्र विस्कटते. मोठ्या फाइलचे तुकडे करून द्या. कागद बाहेर जाऊ द्यायचा नसेल तर टेसरॅक्ट हा मुक्त प्रोग्रॅम आपल्या यंत्रावर बसवता येतो आणि त्यात मराठी आहे. आज्ञा टाइप कराव्या लागतात, पण दोन-चारच.

स्कॅनमधून आलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. १ आणि ९, ५ आणि ४ यांची अदलाबदल होते, शून्य गळतं. तपासायची सोपी युक्ती म्हणजे रकान्याची बेरीज करून ती कागदाच्या तळाशी छापलेल्या ‘एकूण’शी ताडणं. जुळली तर बहुधा सगळं ठीक. जुळली नाही तर एकतर यंत्राने चूक केली किंवा खात्याने. दुसरी शक्यता निघाली तर ती स्वतंत्र बातमी आहे.

‘पीडीएफ जोडा’, ‘पीडीएफ वर्डमध्ये बदला’ अशी फुकट संकेतस्थळं डोळे मिटून वापरू नका. फाइल कुणा परक्याच्या सर्व्हरवर जाते. छापील प्रेसनोटसाठी चालेल. कुणीतरी विश्वासाने दिलेल्या चौकशी अहवालासाठी अजिबात नाही. कागदाचा सारांश करून देणाऱ्या चॅटबॉटलाही हाच नियम, शिवाय एक जास्तीचा: त्याने दिलेला प्रत्येक आकडा आणि प्रत्येक जीआर क्रमांक मूळ कागदात बोट ठेवून शोधा. नसलेला क्रमांक तो तितक्याच ठामपणे सांगतो.

५. आकडे तक्त्यात लावा

सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की मराठी बिघडलेलं दिसू शकतं. घाबरू नका. रिकामी फाइल उघडून ‘डेटा’मधून मजकूर आयात करा आणि युटीएफ-८ (युनिकोडचा प्रकार) निवडा.

मग येतो आपल्याकडचा खास सापळा. सर्व्हे नंबर १२/२ इंग्रजी अंकांत टाकला की एक्सेल त्याची तारीख करतो. ७/१२ सुद्धा! आयात करतानाच तो रकाना ‘मजकूर’ म्हणून ठरवा. नंतर केलंत तर मूळ नंबर गेलेला असतो. देवनागरी अंक त्याच्या बरोबर उलट वागतात. एक्सेल त्यांना संख्या मानतच नाही, त्यामुळे अख्ख्या रकान्याची बेरीज शून्य येते. शोधा-बदला वापरून दहाही अंक इंग्रजी करून घ्या, आकडेमोड करा आणि बातमी लिहिताना पुन्हा देवनागरी.

तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रु. लाखात’ किंवा ‘रु. हजारात’ लिहिलेलं असतं. ते आधी शोधा. कोटींचे लाख आणि लाखांचे कोटी इथेच होतात.

वर्षांची तुलना करताना गावांची, जिल्ह्यांची नावं एकसारखी करा. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये आली, अहिल्यानगर २०२४ मध्ये. जुन्या तक्त्यांत जुनी नावं असतील, आणि संगणक त्यांना वेगळे जिल्हे समजून वेगळी बेरीज देईल. नावांची स्पेलिंगं हजारोंच्या संख्येने विस्कटलेली असतील तर ती एकसारखी करून देणारं ओपनरिफाइन शिकण्यासारखं आहे. पाच-पन्नास ओळींसाठी हाताने करा, लवकर होईल.

एक्सेलमधल्या सुरुवातीला तीनच गोष्टी पुरतात: क्रम लावणं, फिल्टर, आणि पिव्हट टेबल (नावानुसार बेरजा करून देणारा तक्ता). ‘कोणत्या ठेकेदाराला एकूण किती कामं’ याचं उत्तर पिव्हट अर्ध्या मिनिटात देतं. ठेकेदाराच्या नावात एकदा ‘कन्स्ट्रक्शन’ आणि एकदा ‘कन्स्ट्रक्शन्स’ असेल तर चुकीचं देतं. म्हणून उत्तर आलं की यादी एकदा डोळ्यांखालून घाला.

६. माहिती अधिकारात एक्सेल फाइलच मागा

एवढा खटाटोप टाळायची एक वाट आहे, आणि ती फार थोडे जण वापरतात. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २ मध्ये ‘माहितीचा अधिकार’ याची जी व्याख्या आहे, तिच्यात इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवणंही येतं. कलम ७(९) सांगतं की ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात माहिती सामान्यतः द्यावी. अर्जात सरळ लिहा: ‘ही माहिती कार्यालयात एक्सेल स्वरूपात उपलब्ध असल्यास त्याच स्वरूपात ईमेलने किंवा सीडीवर द्यावी.’ महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, ती पाळा. शुल्क १० रुपये. ‘सविस्तर माहिती द्यावी’ असलं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येईल. रकान्यांची नावंच लिहून द्या.

७. फोटो आणि व्हिडिओ तपासा

पूर आला, बिबट्या दिसला, दंगल झाली की जुने फोटो नव्याने फिरतात. गुगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून चित्र शोधणाऱ्या दोन्ही साधनांत फोटो टाकून पाहा. एकाला सापडत नाही ते दुसऱ्याला सापडतं. व्हिडिओ असेल तर इनव्हिड त्याच्या चौकटी सुट्या करून देतं, मग त्या चित्रांसारख्या शोधता येतात. काहीच सापडलं नाही म्हणजे तो नवाच आहे असं नव्हे. दुकानाच्या पाट्या, गाडीच्या नंबरची सुरुवातीची अक्षरं, एसटीवरची आगाराची नावं वाचा.

व्हॉट्सॲपवरून फोटो ‘फोटो’ म्हणून आला की त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती पुसली जाते. पाठवणाऱ्याला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, ती माहिती टिकते. याचा धोकाही तिथेच आहे. त्यात पाठवणाऱ्याच्या घराचं ठिकाण असू शकतं, म्हणून तशी फाइल पुढे कुणाला देऊ नका.

वाळूउपसा, डोंगरपोखर, तलावावरचं अतिक्रमण या विषयांना गुगल अर्थ प्रोमधली जुनी उपग्रहचित्रं फार उपयोगी. घड्याळाच्या खुणेवर टिचकी मारली की वर्षं मागे सरकवता येतात. चित्राची तारीख खाली लिहिलेली असते, ती बातमीत द्या. पावसाळ्यातलं चित्र आणि उन्हाळ्यातलं चित्र शेजारी ठेवून ‘तलाव आटवला’ असं लिहू नका.

८. रेकॉर्डिंग कागदावर उतरवा

तासभराची मुलाखत उतरवायला पूर्वी अख्खी दुपार जायची. आता यंत्र कच्चा मसुदा देतं. २०२२ मध्ये आलेलं व्हिस्पर हे बोलणं लिहून देणारं साधन आपल्या यंत्रावर, इंटरनेटशिवाय चालतं आणि त्याला मराठी कळते. त्याची छोटी आवृत्ती मराठीत फार चुकते, यंत्राला पेलेल तेवढी मोठी घ्या. भाषा ‘मराठी’ अशी आधीच सांगा, नाहीतर ते हिंदी समजून बसतं.

त्याच्या चुका कुठे होतात हे कळलं की तपासणी सोपी होते. पावणेदोन, सव्वाशे, अडीच हजार, साडेसात टक्के या आपल्या बोलण्यातल्या संख्या पहिल्या तपासा. मग गावांची नावं, आडनावं. शांततेच्या जागी यंत्र कधीकधी कुणी न बोललेलं वाक्य घालतं, आणि तेही व्याकरणशुद्ध! अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्याचं बोलणं ते गुपचूप पुस्तकी मराठीत आणून ठेवतं. शेतकऱ्याच्या तोंडी ‘आम्हाला अद्याप नुकसानभरपाई प्राप्त झालेली नाही’ असं वाक्य दिसलं की समजायचं, यंत्राने हात मारला. अवतरणचिन्हांत जाणारा प्रत्येक शब्द कानाने ऐकूनच लिहा. त्यासाठी मुलाखतीच्या वेळीच वहीत मिनिटं टिपा: ‘२३ मि. – पाइपलाइनचा मुद्दा’. नंतर शोधाशोध करावी लागत नाही.

गर्दीच्या पत्रकार परिषदेत फोन टेबलाच्या मधोमध ठेवण्यापेक्षा ध्वनिवर्धकाच्या पेटीजवळ ठेवा.

९. झाकायचं ते खरोखर झाका

बाललैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पॉक्सोचं कलम २३ आणि बलात्कार पीडितेबाबत भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ ओळख उघड करायला मनाई करतं. एफआयआरची पीडीएफ घेऊन नावावर काळी पट्टी ओढली तर पट्टीखालचा मजकूर तसाच राहतो, आणि निवडून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. पट्टी ओढल्यावर पान चित्र म्हणून साठवा आणि ते चित्रच द्या. फोटोत चेहरा धूसर करण्यापेक्षा पूर्ण काळा करा. गाव, शाळा आणि नातेवाइकांचं नाव यांतूनही ओळख पटते, हे फोटो झाकताना विसरलं जातं.

१०. साठवण आणि वही

प्रत्येक बातमीचा वेगळा फोल्डर. नाव तारखेने सुरू करा, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. क्रम आपोआप लागतो. आत दोन फोल्डर: ‘मूळ’ आणि ‘काम’. ‘मूळ’मधल्या फाइलचं नावसुद्धा बदलायचं नाही. प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा खास अंक) लिहायचं असतं. फाइल उघडून, बदलून पुन्हा साठवली की ते मूल्य बदलतं.

कागदी वहीत चार गोष्टी: फाइल कुठून आली, कधी आली, कोणत्या साधनातून काढली, काय दुरुस्त केलं. माहिती देणाऱ्या सूत्राचं नाव मात्र वहीतही नको, खूण ठेवा.

आठवड्यातून एकदा सगळं हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका. पिशवी गेली की दोन्ही जातं. ईमेलला आणि व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. ईमेलचे बॅकअप कोड कागदावर लिहून घरी ठेवा, कारण फोन हरवला की पडताळणीचा मेसेज त्याच फोनवर जातो.